घरातील संगणक आणि ‘अपडेट’ : घ्यावे की थांबावे?



आपल्या वस्तीतील पुष्कळ घरांत आता संगणक आला आहे. कोणाकडे मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी हप्त्याने घेतलेला लॅपटॉप आहे, कोणाकडे कचेरीतून मोडीत निघालेले जुने यंत्र आहे, तर कोणी गल्लीतल्या दुकानातून सुटे भाग जुळवून ‘असेंबल’ करून घेतला आहे. यंत्र कसेही असो, त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात महिन्यातून एकदा तरी सूचना उमटते : अपडेट तयार आहे, आता रिस्टार्ट करायचे की नंतर? आणि त्या वेळी ज्याचा हात माऊसवर असतो तो बहुधा ‘नंतर’ दाबून मोकळा होतो. प्रस्तुत लेखात आपण त्या एका बटणाचा विचार करणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. परंतु शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, परीक्षेची प्रवेशपत्रे, बँकेचे व्यवहार आणि घरातील वीस वर्षांचे फोटो असे सारे आज त्या एका डब्यात असते. ते गेले तर पुन्हा मिळवायला किती हेलपाटे पडतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. संगणकाचे यंत्रभाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून दोघांचा कारभार चालवणारी जी व्यवस्था तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडील घरांत ती बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टची विंडोज असते, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे. कित्येक कोटी ओळींचा हा मजकूर हजारो माणसांनी लिहिलेला असतो आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरात चुका राहतात. त्यांतल्या काही चुका अशा असतात की, बाहेरचा माणूस त्यातून वाट काढून आपल्या संगणकात शिरू शकतो. ही भोके बुजवण्यासाठी कंपनी जो ठिगळाचा मजकूर पाठवते ते अपडेट.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून यासाठी दिवस ठरवून घेतला. प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेत सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. त्या दिवशी येते ते सुरक्षेचे अपडेट. याशिवाय महिन्याच्या अखेरीस एक ऐच्छिक अपडेट येते, ते म्हणजे पुढच्या महिन्यातील काही दुरुस्त्यांची चाचणी असते. वर्षाकाठी एखादे मोठे अपडेट येते, त्यात संगणकाचे रूपच थोडे बदलते. अधूनमधून प्रिंटर, वायफाय, ध्वनी यांचे ड्रायव्हर येतात. या सर्वांना आपण सरसकट ‘अपडेट’ म्हणतो आणि तेथेच आपला घोटाळा सुरू होतो. एकाविषयी खरे असलेले दुसऱ्याविषयी खरे नसते.

आता विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण साऱ्या निर्णयाचे मूळ तीत आहे. अपडेट बाहेर पडले की भोक बुजते, पण ज्यांनी ते घेतले त्यांचेच. उरलेल्यांच्या बाबतीत उलटा परिणाम होतो. जुना मजकूर आणि नवा मजकूर शेजारी ठेवून काय बदलले ते पाहिले की, भोक कोठे होते हे जाणकाराला कळते. म्हणजे दुरुस्तीची वार्ता ही त्याच वेळी चोरालाही दिलेली वार्ता असते. कालपर्यंत जे भोक दोन-चार जणांना ठाऊक होते ते आज जगजाहीर झाले. ‘माझा संगणक इतकी वर्षे अपडेटवाचून चालला, आणखी चालेल’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१७ सालचे आहे. विंडोजमध्ये संगणकांनी आपापसांत फायली देण्याघेण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात एक भोक होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, ते ठाऊक होते आणि तिने त्यावर आपले एक हत्यार बनवून ठेवले होते. १४ मार्च २०१७ रोजी, दुसऱ्याच मंगळवारी, मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारे अपडेट दिले. पुढे १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने ते चोरलेले हत्यार उघड्यावर टाकले. आणि १२ मे रोजी, शुक्रवारी, ‘वॉनाक्राय’ नावाचा कृमी जगभर पसरला. त्याला कोणी काही दाबण्याची, कोणती चिठ्ठी उघडण्याची गरज नव्हती. जाळ्यातला एक संगणक लागला की, तो स्वतःच शेजारचा शोधी. फायली कुलूपबंद करून तो पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागे. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश संशोधकाने कृमीच्या मजकुरात आढळलेले एक न नोंदलेले संकेतस्थळ आपल्या नावे नोंदवले आणि त्यामुळे त्याचा प्रसार थांबला. पण तोवर व्हायचे ते झाले होते.

१४ मार्च ते १२ मे म्हणजे ५९ दिवस. जवळजवळ दोन महिने औषध घरात येऊन पडले होते आणि बाटलीचे बूच उघडले गेले नाही. ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी अहवालात सांगितले की, संगणक-सुरक्षेची साधी पथ्ये पाळली असती तर हा हल्ला टाळता आला असता. आपण समजतो की मुदत संपलेले, जुनेपुराणे विंडोज एक्सपी यात बळी पडले असेल. प्रत्यक्षात लागण झालेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते. त्या वेळी विंडोज ७ ला नियमित दुरुस्ती मिळत होती, फक्त ती घेतलेली नव्हती.

येथे प्रामाणिकपणे एक बाब सांगितली पाहिजे. घरातील संगणक राऊटरच्या आड असतो आणि राऊटर बाहेरून आलेली अशी अनाहूत हाक सहसा आत पोचू देत नाही. म्हणून वॉनाक्रायचा मोठा मार कचेऱ्या, रुग्णालये, कारखाने यांना बसला. घरच्या संगणकाला धोका येतो तो बहुधा दुसऱ्या वाटेने : न्याहाळकातून, म्हणजे ब्राऊझरमधून, आलेल्या फायलीतून, झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हमधून. म्हणजे भीती कमी आहे, नाही असे नाही. शेजाऱ्याला घाबरवण्यासाठी हा लेख नाही, परंतु त्याला खोटा दिलासाही देऊ नये.

मग आले ते अपडेट तत्काळ घ्यावे, एवढे सांगून आपण थांबावे काय? तसे असते तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. जे लोक अपडेटला घाबरतात ते सगळे अडाणी नसतात. त्यांच्या भीतीलाही पुरावा आहे.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे एक मोठे सहामाही अपडेट निघाले. काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले, कारण काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ अशा फोल्डरांतील फायली त्याने पुसून टाकल्या. ज्यांच्या सी ड्राइव्हवर जागा कमी होती आणि ज्यांनी ही फोल्डरे दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, त्यांच्या मूळ जागी ज्या फायली राहून गेल्या होत्या त्या अपडेटने निरुपयोगी समजून काढून टाकल्या. कंपनीने सांगितले की, असा अनुभव आल्याचे कळवणारे दहा हजारांत एक होते. असतीलही. पण ज्याच्या लग्नाचे फोटो गेले त्याला दहा हजारांतल्या इतरांचे काय? सुधारून तेच अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा दिले गेले. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या पहिल्या दिवसांत ते अपडेट सर्वांना आपोआप गेलेले नव्हते. ज्यांनी उत्साहाने सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अपडेट आहे का पाहा’ हे बटण दाबले, त्यांना ते मिळाले. महिनाभर थांबलेल्यांचे काहीच बिघडले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईजवळचे आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा आणखी एक कृमी पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमधून झाली. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या यंत्रणेत घुसून अपडेटमध्येच विष कालवले होते. लोकांनी विश्वासाने ते घेतले. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे काम ठप्प झाले. पुढे त्यांना सुमारे ४५ हजार संगणक नव्याने भरावे लागले. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल त्याच समूहाकडे होते. त्याचेही काम अडले आणि कंटेनर खोळंबून राहिले. युक्रेनमधल्या हिशेबनिसाने घेतलेले अपडेट रायगड जिल्ह्यातल्या ट्रकवाल्याच्या पोटावर आले, याहून जग जवळ आल्याचा पुरावा कोणता द्यावा? १९ जुलै २०२४ ची घटना तर वाचकांना आठवत असेलच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते विंडोजचे अपडेट नव्हते आणि घरच्या संगणकांना त्याचा त्रास सहसा झाला नाही, एवढे मात्र नोंदवून ठेवू.

तेव्हा दोन्ही बाजूंना नुकसान आहे. पण ते सारख्या जातीचे नाही. सदोष अपडेटचा दोष सहसा चार-आठ दिवसांत उघड होतो, बोभाटा होतो, कंपनी दुरुस्ती पाठवते. न घेतलेल्या अपडेटचा धोका दिवसागणिक वाढत जातो आणि त्याची कोणी दवंडी पिटत नाही. यावरून आमचे मत असे झाले आहे की, महिन्याच्या सुरक्षा अपडेटसाठी आठवडा-दीड आठवडा थांबावे, त्याहून अधिक नाही. एखाद्या भोकाचा चोर आधीच वापर करीत आहेत असे कंपनीने किंवा भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने जाहीर केले असेल तर तेवढेही थांबू नये. वर्षातून येणाऱ्या मोठ्या अपडेटला खुशाल दोन-तीन महिने जाऊ द्यावेत, घाई करून कोणी बक्षीस देत नाही. महिनाअखेरचे ऐच्छिक अपडेट घरच्या माणसाने घेऊच नये. आणि प्रिंटर चांगला चालत असेल तर त्याच्या ड्रायव्हरला हात लावू नये.

थांबण्याची सोय पूर्वी नव्हती. २०१५ साली विंडोज १० निघाले तेव्हा होम आवृत्तीच्या ग्राहकाला नकार देण्याचा अधिकारच ठेवला नव्हता, त्यावर बरीच ओरड झाली. मे २०१९ च्या आवृत्तीपासून होम आवृत्तीतही सात-सात दिवस करीत ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवण्याची सोय आली. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच ‘पॉज’ हे बटण असते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी त्या जोडणीला ‘मीटर्ड’ ठरवून ठेवावे, म्हणजे दिवसाचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज एकट्या अपडेटच्या पोटात जाणार नाही. मात्र असे करणाऱ्याने महिन्यातून एकदा कोठेतरी वायफायवर बसून ते उतरवून घ्यायचे, ही जबाबदारीही त्याचीच.

आता आमच्याच अंगावर आलेला प्रसंग सांगतो. आम्ही काही सभासद मिळून मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. तेथे एक संगणक आहे. त्यावर अपडेटची सूचना येई आणि जो बसलेला असेल तो ‘नंतर’ म्हणे. असे कित्येक आठवडे चालले. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी एक विद्यार्थिनी अर्ज भरत असताना फाईल मोठी झाली म्हणून संगणक मंद पडला, आणि आमच्यातल्या एकाने ‘एकदा बंद करून चालू कर’ असा नेहमीचा सल्ला दिला. साठलेले सगळे अपडेट त्याच क्षणाची वाट पाहत होते. पडद्यावर टक्के फिरू लागले. ३० टक्क्यांवर तो अर्धा तास थांबला. बंद करू नका असे पडद्यावर लिहिलेले असूनही आमच्यातल्याच दुसऱ्या एकाने बोर्डाचे बटण बंद केले. त्यानंतर तो सुरूच होईना. मुलगी रडवेली झाली. तिला घेऊन आम्ही स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेलो आणि रात्री अकरा वाजून काही मिनिटांनी अर्ज गेला. तिचे उत्पन्नाच्या दाखल्याचे स्कॅन तिच्या मोबाईलमध्ये होते म्हणून निभावले. संगणक दुरुस्त झाला, परंतु त्यातील दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संग्रह गेला. दोष यंत्राचा होता असे आम्ही बरेच दिवस म्हणत होतो. खरे पाहता ‘नंतर’ म्हणणारेही आम्ही, बटण बंद करणारेही आम्ही, आणि प्रश्नपत्रिकांची दुसरी प्रत न ठेवणारेही आम्हीच.

या प्रसंगातून जे शिकलो ते व्यवहाराचे आहे. अपडेट रविवारी दुपारी, कोणतेही काम टेकीस आलेले नसताना घ्यावे. अर्जाची, परीक्षेची, प्रवेशाची शेवटची तारीख असलेल्या आठवड्यात ते थांबवून ठेवावे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा. टेबलावरचा संगणक असेल आणि भागात लाईट जात असेल तर यूपीएस चालू स्थितीत आहे ना ते पाहावे. मोठे अपडेट जुन्या हार्ड डिस्कवर तास-दीड तास घेते, तेव्हा टक्के हलत नाहीत म्हणून घाबरू नये. पण या सर्वांच्या आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर करून तो काढून कपाटात ठेवावा. लावून ठेवलेला पेनड्राइव्ह ही प्रत नव्हे. खंडणीचा कृमी आला तर तो त्यालाही कुलूप घालील.

नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक. त्यांत पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि एखाद्या अपडेटनंतर संगणक ४८ अंकी किल्ली मागतो. जुलै २०२४ च्या मासिक अपडेटनंतर काही संगणक असे अडले होते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. ती आजच पाहून वहीत लिहून ठेवावी. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने खाते उघडून दिले असेल तर तर विशेषच.

दुकानदारावरून आठवले. असेंबल केलेल्या संगणकावर बरेचदा विंडोजची ‘कॉपी’ टाकून देतात आणि वर सांगतात, ‘अपडेट बंद करून दिले आहे, त्रास नको.’ हा त्रास कोणाचा वाचतो? अपडेटने बनावट परवाना उघडा पडू नये, यात दुकानदाराचा त्रास वाचतो. आपण मात्र बिनदाराच्या घरात राहायला जातो. ज्यांना परवान्याचे पैसे परवडत नाहीत त्यांनी उबंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखी मोफत व्यवस्था घ्यावी. उबंटूच्या एप्रिल २०२४ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे वचन आहे. मराठी टंकलेखन, न्याहाळक, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते हे सारे त्यावर होते. टॅली शिकणाऱ्यांना आणि काही ठराविक प्रोग्रॅम लागणाऱ्यांना ती सोयीची नाही, हेही सांगितले पाहिजे.

अपडेट मुळीच न घेणे योग्य ठरेल असा एकच प्रसंग आम्हाला दिसतो. आमच्या ओळखीचे अक्षरजुळणीचे काम करणारे एक गृहस्थ जुन्या मराठी फॉन्टांच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतात. नव्या आवृत्तीवर ते चालत नाही. त्यांनी तो संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडला आहे, वायफायसुद्धा काढून टाकले आहे. बँकेचे आणि ईमेलचे काम ते दुसऱ्या यंत्रावर करतात. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

सध्या सर्वांत अधिक घरांना भेडसावणारा प्रश्न विंडोज १० चा आहे. त्याची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्या दिवशी संगणक बंद पडला नाही, म्हणून अनेकांना वाटले की काही झालेच नाही. परंतु त्यानंतर सापडलेली भोके सर्वसामान्य ग्राहकासाठी बुजवली जात नाहीत. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची योजना कंपनीने काढली. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरणे, अथवा खात्याशी संगणकाच्या सेटिंग्ज जोडणे, असे मार्ग ठेवले. विंडोज ११ वर जायचे तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि सर्वसाधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ती पिढी २०१७ साली आली. म्हणजे त्याआधी घेतलेले यंत्र कितीही धडधाकट असले तरी अधिकृतपणे बसत नाही. अट चुकवून ११ टाकून देणारे दुकानदार आहेत. तशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, हे पैसे देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. ज्या घरात एकच जुना संगणक आहे आणि नव्यासाठी चाळीस हजार नाहीत, त्यांनी बँकेचे व्यवहार त्यावर करणे थांबवावे आणि त्यावर लिनक्स मिंट घालून तो मुलांच्या अभ्यासाला ठेवावा, असे आम्ही सुचवतो. दोन घरांत आम्ही ते करून दिले आहे. एका घरच्या आजोबांनी पहिले आठ दिवस कुरकुर केली, मग त्यांना पत्त्यांचा खेळ सापडला.

अभ्यासिकेतील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आता प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारानंतरच्या दुसऱ्या रविवारी निळ्या शाईने गोल केलेला असतो. त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो विद्यार्थी प्रत काढतो, अपडेट घेतो, सेटिंग्जमधील ‘अपडेट हिस्टरी’ उघडून क्रमांक आणि तारीख वहीत लिहितो. काही बिघडले तर तेथूनच ते काढून टाकता येते आणि वहीत क्रमांक असल्याने कोणते काढायचे ते शोधावे लागत नाही. मोठ्या अपडेटसाठी परत फिरण्याची मुदत साधारण दहा दिवसांची असते, तीही वहीत लिहिलेली असते. ज्या सभासदांना आपल्या घरच्या संगणकावर हे पाहून घ्यायचे असेल त्यांनी त्या रविवारी दुपारी तीननंतर लॅपटॉप आणि त्याचा चार्जर घेऊन यावे.